शैलाचे अंगठे

लग्नाला महिनाही झाला नव्हता. एका संध्याकाळी सासूबाईंनी शैलाच्या हातात कोमट तेलाची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "आजपासून सदूचे पाय तू बघ. मला आता वाकवत नाही."

त्यांनी विचारलं नव्हतं, आणि दरडावलंही नव्हतं. दूधवाला किती वाजता येतो, नळाला पाणी कधी असतं, हे नव्या सुनेला सांगावं तसं सांगितलं होतं. शैलाने वाटी घेतली. दांडिया बाजारातल्या त्या घराच्या बाहेरच्या खोलीत सदानंदराव सतरंजीवर पालथे पडले होते, उशीत तोंड खुपसून. गोरव्याच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात ते तेव्हा सुपरवायझर होते. दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर उभं राहायचं आणि संध्याकाळी स्कूटरवरून अर्धं बडोदं ओलांडून घरी यायचं. पोटऱ्या दगडासारख्या होऊन जायच्या. इतकी वर्षं आई दाबून देत होती. आता बायको आली होती.

शैलाही दिवसभर उभीच असायची. एका मराठी शाळेत ती चौथीच्या वर्गाला शिकवायची आणि खुर्चीवर बसून शिकवणं हेडबाईंना चालायचं नाही. पण ही गोष्ट त्या घरात कुणाच्या डोक्यात आली नाही, आणि खरं सांगायचं तर शैलाच्याही नाही.

सुरुवातीला तिला जमेना. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या. "अशी कुरवाळतेस काय? अंगठा रोव." मग तिने अंगठा रोवायला शिकून घेतलं. उजव्या पोटरीत आतल्या अंगाला एक गाठ धरायची, तिच्यावर अंगठा ठेवून नुसतं थांबायचं, घासायचं नाही. थोड्या वेळाने ती आपोआप विरघळल्यासारखी व्हायची. डाव्या फऱ्याखाली एक शीर होती, ती कारखान्यात भांडण झालं की ताठ व्हायची. वर्षभरात तिला त्या पाठीची इतकी माहिती झाली की हात लावल्याबरोबर कळायचं, आज दिवस कसा गेला.

आणि सदानंदराव बोलायचे. एरवी बोलणारा माणूस नव्हे. जेवताना पुढ्यात पेपर, जेवण झालं की रेडिओ, नंतर टीव्ही. पण सतरंजीवर पालथं पडलं आणि पाठीवर हात फिरायला लागला की उशीतून आवाज यायचा. मालकाचा पुतण्या कसा डोक्यावर आणून बसवला. आजोबा संस्थानच्या खात्यात एवढे मोठे, त्या मोठेपणापायी वडिलांनी आपल्याला किती मारलं. इरा व्हायच्या वेळी एकदा म्हणाले होते, "मला भीती वाटते गं, मी पण त्यांच्यासारखाच बाप झालो तर?" उशीमुळे अर्धं ऐकू यायचं आणि अर्धं शैला जुळवून घ्यायची. बोलायची काही नाही. नुसतं "हं" म्हणायची आणि अंगठा पुढे सरकवायची.

तिला त्याचं काही कौतुक वाटायचं असं नाही. तिचं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असायचं. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर वाट बघत पडलेला असायचा. तेलाचा वास हाताला इतका मुरला होता की सकाळी खडू धरला तरी यायचा. सातव्या महिन्यातही ती पाटावर बसून त्यांच्या पोटऱ्या दाबत होती. त्या वेळी सदानंदराव एकदा म्हणाले, "राहू दे आता." म्हणाले, पण उठले नाहीत. म्हणून तिनेही हात थांबवला नाही.

अशी तीसेक वर्षं गेली. सासूबाई गेल्या. दांडिया बाजारची भाड्याची जागा सोडून ती दोघं मांजलपूरला फ्लॅटमध्ये आली. बडोद्यातल्या मराठी घरांनीच मुलं मराठी शाळेत घालणं सोडलं होतं. शैलाच्या वर्गातले बाक रिकामे होत गेले आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडलीच नाही. इरा शिकून बंगळुरूला नोकरीला लागली. सदानंदराव मॅनेजर होऊन निवृत्त झाले. उभं राहणं कमी झालं तशा पोटऱ्या कमी दुखू लागल्या, पण खुर्चीवर बसून पाठ धरू लागली. सतरंजी जाऊन पातळ गादी आली. संध्याकाळी सातचा नेम मात्र तोच राहिला.

मोडले ते शैलाचे अंगठे. आधी बरणीचं झाकण उघडेना. मग कुलपात किल्ली फिरवताना कळ यायला लागली, साडीला पिन लावताना डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय, दोन्ही हातांचा.

"काय काम करता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"घरातलंच," शैला म्हणाली.

इराला फोनवर सांगताना ती हसत होती, पण इरा हसली नाही. "आई, अजून तू बाबांची पाठ दाबतेस? बास झालं. मी बघते काय करायचं ते."

आठ दिवसांनी एक लांबट खोका दारात आला. आतून निळ्या रंगाचा, खळगे-उंचवटे असलेला, हाताला अगदी हलका असा एक गोल ओंडका निघाला. शैलाला पहिल्यांदा वाटलं, बाथरूमच्या पाइपला गुंडाळायचं काहीतरी असेल. इराने व्हिडिओ कॉलवर समजावलं, याला फोम रोलर म्हणतात. जमिनीवर ठेवायचा, त्याच्यावर पाय किंवा पाठ टेकायची आणि आपल्याच वजनाने मागे-पुढे सरकायचं. दुखरी जागा आली की तिथे थांबायचं. स्नायू मोकळे होतात. "आणि मुख्य म्हणजे, बाबा, दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही."

"म्हणजे या वयात जमिनीवर लोळायचं?" सदानंदराव म्हणाले आणि त्यांनी तो कपाटामागे उभा करून ठेवला.

पण इराने पिच्छा सोडला नाही. सोसायटीच्या शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये आभा नावाच्या एका मुलीने फिजिओथेरपीचा दवाखाना काढला होता, तिच्याकडे इराने परस्पर फोन करून त्यांची वेळ घेतली. आभाने त्यांना नीट शिकवलं. घाई करायची नाही. दुखरी जागा सापडली की तिथे अर्धा मिनिट श्वास सोडत थांबायचं. मांड्या, पोटऱ्या, पाठीचा वरचा भाग चालेल. कंबरेच्या मणक्यावर आणि सांध्यांवर कधीच नाही. सदानंदराव शिस्तीचे माणूस. सांगितलेलं त्यांनी तंतोतंत केलं, आणि दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी न वाकता-कुथता बुटाची लेस बांधली.

त्या दिवसापासून त्यांना तोंड फुटलं. खाली बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींना ते थांबवून थांबवून सांगू लागले, "एक वार करी जुओ, पछी कहेजो!" एकदा करून बघा, मग सांगा. शेजारचे कनुभाई, त्यांची बायको जागृतीबेन, वरच्या मजल्यावरचे सिंधी काका, सगळ्यांना घरी बोलावून त्यांनी रोलर दाखवला. शैला चहा आणि खारी घेऊन आली तेव्हा ते हॉलच्या मधोमध पाय पसरून बसले होते.

"आ जुओ," ते कनुभाईंना म्हणत होते. मग शैलाकडे बोट करून, चांगल्या मोकळ्या मनाने हसत म्हणाले, "तीस वर्षं हिच्याकडून दाबून घेतलं. कांई फायदो नहीं. सगळं वरवरचं. या रोलरने पंधरा दिवसांत जे केलं ते हिच्या हातांनी कधी झालं नाही."

मंडळी हसली. जागृतीबेन मात्र हसल्या नाहीत; त्यांनी शैलाच्या हातातला ट्रे घेतला.

सगळे गेल्यावर कप विसळता विसळता शैला म्हणाली, "वरवरचं होतं तर नको म्हणायचं होतंत."

"काय?"

"दाबणं. उपयोग नव्हता तर इतकी वर्षं कशाला करून घेतलंत?"

सदानंदराव रोलर पुसत होते. त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर कुठे राग नव्हता की खोच नव्हती. "अगं, आईने तुला लावून दिलेलं काम. मी कशाला मोडू? तुला वाईट वाटलं असतं."

शैलाने नळ मोठा केला. ते खोटं बोलत नव्हते. एवढी वर्षं आपणच तिची समजूत राखत होतो असं त्यांना आता मनापासून वाटत होतं. 

आता संध्याकाळी सात ते साडेसात तिचे हात मोकळे झाले. पहिले काही दिवस तिला खरंच सुख वाटलं. वेळेवर भाकरी व्हायची, हाताला तेल नाही, अंगठ्यांना गरम पाण्याचा शेक घ्यायला फुरसत. मग एक दिवस ती सहज हॉलमध्ये जाऊन बसली. सदानंदराव पाठीखाली रोलर घेऊन छताकडे बघत सरकत होते. कानात इराने दिलेले इअरफोन होते.

"आज खंडेराव मार्केटात तुमच्या कारखान्यातले गोविंदराव भेटले," शैला म्हणाली.

सदानंदरावांनी एक बोट वर केलं. थांब. ते श्वास मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी बाजू बदलली आणि पुन्हा डोळे मिटले. गोविंदराव काय म्हणाले ते सांगायचं राहिलं, आणि त्यांनीही विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी तिने पुन्हा प्रयत्न केला. जवळ जाऊन म्हणाली, "आज जरा मी दाबून देऊ का? अंगठे बरे आहेत."

"नको गं. तू तुझं बघ," ते प्रेमाने म्हणाले.

तिचं बघायचं म्हणजे काय बघायचं, हे तिला कळेना. स्वयंपाकघरात जाऊन तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ती कढीपत्ता तोडायला खाली गेली होती. बाकावर जागृतीबेन बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि आवाज उतरवून विचारलं, "भाईनी तबियत केम छे हवे? गोळीथी फरक पड्यो?"

शैलाला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

"पेली पट्टावाळी टेस्टमां थोडुं आव्युं ने," जागृतीबेन म्हणाल्या. "मारा मिस्टर ज साथे गया हता. कहेता हता, भाई बहु गभराई गया हता."

पट्ट्यावर चालवून हृदय बघतात ती तपासणी. तिचा नवरा ती करून आला होता, घाबरला होता, आणि सोबत कनुभाई होते. शैलाने हातातल्या कढीपत्त्याची पानं निवडायला घेतली. "सारुं छे हवे," ती म्हणाली. "गोळी चालू छे." आपल्याला सगळं माहीत असल्यासारखी ती आणखी पाच मिनिटं तिथे बसली, जागृतीबेनच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग उठली.

संध्याकाळी तिने विचारलं, "हार्टची तपासणी केलीत?"

"कोणी सांगितलं?"

"जागृतीबेननी."

"विशेष काही नाही. थोडा फरक दिसला, एक गोळी दिलीय. तुला सांगणारच होतो."

"कधी?"

सदानंदराव खरोखरच आठवू लागले. "राहून गेलं बघ," ते जरा ओशाळून म्हणाले. "तसं निवांत बोलणं कुठे होतं हल्ली आपलं."

सात वाजले होते. ते खाली बसले आणि त्यांनी रोलर जवळ ओढला.

दिवाळीच्या महिनाभर आधी शैलाचा डावा खांदा धरला. आधी वाटलं झोपेत अवघडला असेल. मग हात मागे जाईना. ब्लाउजचं हूक लावता येईना, वेणी घालता येईना. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागायला लागलं. कुशीवर वळलं की जीव जायचा. आठ-दहा दिवस तिने अंगावर काढलं आणि एका संध्याकाळी, हॉलमध्ये सदानंदराव पेपर वाचत असताना, त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"जरा इथे दाबता का? खांद्यावर. फार दुखतंय."

तिने त्यांच्याकडे असं काही मागितल्याचं तिला तरी आठवत नव्हतं. सदानंदरावांनी पेपर बाजूला ठेवला. दोन बोटांनी खांद्याला इकडे-तिकडे चाचपलं, हातगाडीवरची पपई पिकलीय का बघावं तसं. "इथे? की इथे?" त्यांची बोटं कुठे थांबतच नव्हती. शैलाला वाटलं, सांगावं, अंगठा ठेवा आणि नुसते थांबा. पण ते सांगायला तिला लाज वाटली.

"थांब," ते एकदम उत्साहाने उठले. "असं दाबून काही होत नाही. तुला शिकवतो."

त्यांनी रोलर आणला. शैला गाऊनवर ओढणी घेऊन जमिनीवर उताणी झाली. कमरेवर हात ठेवून ते वरून सांगत राहिले. "खांद्याखाली घे. अजून वर. आता वजन टाक. टाक ना, घाबरतेस काय!"

तिने वजन टाकलं. खांद्यातून कोपरापर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली आणि तोंडातून हुंदका निघाला.

"दुखणं हे चांगलं लक्षण आहे," सदानंदराव म्हणाले. "सुरुवातीला मलाही असंच झालं होतं. आणि यात दुसऱ्या कुणावर अवलंबून राहायला लागत नाही. स्वतःचं स्वतः करायचं, हीच तर याची मजा." त्यांनी घड्याळ बघितलं. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी चार मंडळी आपापले रोलर घेऊन शिकायला बोलावली होती. "दहा वेळा कर, घाई करू नकोस. मी आलोच."

दार ओढल्याचा आवाज आला. तिने आणखी एकदा करून बघितलं. मग रोलर निसटून सोफ्याकडे घरंगळत गेला आणि ती तशीच फरशीवर राहिली. डावा हात दगड झाला होता, तो टेकवून उठता येईना. उजव्या हातावर भार टाकला तर अंगठ्याने कळ दिली. वर पंखा फिरत होता. तिने हाक मारली नाही, मारून कोण येणार होतं? जरा वेळाने ती कुशीवर वळली, गुडघ्यांवर आली, सोफ्याच्या कडेवर हनुवटी टेकून थोडी थांबली आणि उठली. सदानंदराव आले तेव्हा ती कुकर लावत होती.

"केलंस?"

"केलं."

"बघ आता, दोन दिवसांत फरक पडेल."

दोन दिवसांत हात होता त्याहूनही खाली आला. तेव्हा ते स्वतःच तिला स्कूटरवर बसवून आभाकडे घेऊन गेले. बाहेरच्या खोलीत एक गृहस्थ गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते. सदानंदराव त्यांच्या शेजारी बसले आणि शैला पडद्याआड आत गेली.

आभाने हात किती वर जातो, किती मागे जातो ते बघितलं. "काकू, खांदा जखडलाय. फ्रोझन शोल्डर. या वयात बायकांना होतं. पण इतका सुजला कशाने?"

"रोलरवर लोळले."

"अशा खांद्याने? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"यांनी."

आभाने शैलाला खाटेवर निजवलं, खांद्याला गरम शेक दिला, मग एक तळवा कोपराखाली धरला आणि दुसरा पाठीमागे, फऱ्याखाली सरकवला. "हात माझ्यावर सोडून द्या. तुम्ही उचलू नका, मी उचलते."

शैलाने मान हलवली. पण हात सुटेना. आभा वर न्यायला लागली की शैलाचा हातही आपण होऊन वर जायला लागायचा, मदत केल्यासारखा.

"सोडा ना, काकू."

"सोडलाय."

"नाही सोडलात. पूर्ण वजन माझ्या हातावर येऊ द्या."

तिला ते कसं करतात तेच कळत नव्हतं. आभा नुसती थांबून राहिली, हात न हलवता. फऱ्याखालच्या दुखऱ्या जागी तिची बोटं टेकलेली होती. बऱ्याच वेळाने शैलाच्या दंडातून काहीतरी सैल झालं आणि हाताचं ओझं त्या पोरीच्या तळव्यावर पडलं. शैलाचे डोळे वाहू लागले, कानांकडे, उशीकडे.

"दुखतंय का?"

"नाही."

आभाने तिला रुमाल दिला. "रोज सकाळ-संध्याकाळ हा हात असा कोणीतरी उचलून द्यायला हवा. जोर नको, नुसता धरून. ज्यांना जमेल त्यांना मी दाखवून ठेवते. घरी कोण आहे?"

पडद्यापलीकडून सदानंदरावांचा आवाज येत होता. "एक वार करी जुओ, भाई. कोईनी जरूर नथी पडती!"

"कोणी नाही," शैला म्हणाली.

आभाने पडद्याकडे पाहिलं, मग शैलाकडे. हे काका आपल्याकडेच शिकून गेले, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "काकू, मी त्यांना बोलावते हवं तर. पाच मिनिटांत शिकतील."

"नको गं. मला एकटीने करता येईल असं काहीतरी सांग."

मग आभाने तिला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला शिकवली. आज जिथपर्यंत पोचेल तिथे थांबायचं, उद्या थोडं वर.

परत येताना स्कूटरवर सदानंदरावांनी मान वळवून विचारलं, "काय म्हणाली आभा?"

"भिंतीवर बोटं चढवायला सांगितली."

"म्हणजे स्वतःचं स्वतःच ना? तेच मी म्हणत होतो."

"हो," शैला म्हणाली. डावा हात तिने मांडीवर ठेवला होता आणि उजव्याने स्कूटरची मागची दांडी धरली होती.

दिवाळीला इरा आली. तोवर शैलाचा हात खांद्याच्या वर, कानापर्यंत जायला लागला होता. त्याच्या पुढे तो गेला नाही. आभा म्हणाली, वर्ष लागेल, आणि कदाचित सगळा जाणारही नाही. इराला त्यातलं फोनवर थोडंसंच माहीत होतं. ती आली तीच बाबांना बघून हरखली. सदानंदरावांनी तिला गुडघे न वाकवता पायांचे अंगठे शिवून दाखवले. इराने त्यांचा व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला. "बासष्टाव्या वर्षी! बाबा, तुम्ही तर कमाल केलीत."

मग तिने शैलाच्या गळ्यात हात टाकला, उजव्या बाजूने, जपून. "आणि आई, तुझी सुटका केली की नाही मी? सांग."

इराच्या डोळ्यांत इतका आनंद होता, की शैला म्हणाली, "केलीस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इरा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि मान एकसारखी इकडे-तिकडे मोडत होती. शैला मागून आली. डाव्या हाताने जमलं नसतं, पण उजवा होता. तिने लेकीच्या मानेखाली हात ठेवला. उजव्या बाजूला, खांद्याकडे जाताना, एक घट्ट गाठ लागली, सुपारीएवढी. एवढ्याशा वयात केवढी गाठ. शैलाचा अंगठा तिच्यावर आपसूक टेकला.

इराने पटकन मान काढून घेतली. "आई, नको! तुझे अंगठे! मी काय त्यासाठी एवढं केलं?" तिने शैलाचा हात दोन्ही हातांत धरून अंगठ्यावर ओठ टेकले आणि हाक मारली, "बाबा, रोलर कुठेय? मानेसाठी कसा घ्यायचा दाखवा ना."

"मानेखाली थेट नाही घ्यायचा," सदानंदराव आतून लगबगीने येत म्हणाले. "पाठीच्या वरच्या भागाखाली. ये, खाली नीज."

बाप-लेक हॉलमध्ये बसली. इरा उताणी पडून सरकत होती आणि हसत होती, सदानंदराव तिला श्वास कसा सोडायचा ते सांगत होते. मधेच ते काहीतरी हळू बोलले, तपासणीचं असावं, कारण इरा उठून बसली आणि म्हणाली, "अहो बाबा, मग मला आधी का नाही सांगितलं?" पुढचं शैलाला ऐकू आलं नाही.

"आई," इराने थोड्या वेळाने तिथूनच हाक मारली, "बिरडं करणार आहेस ना आज? बंगळुरूहून निघाले तेव्हापासून डोक्यात तेच आहे."

"करते," शैला म्हणाली.

मोड आलेले वाल फडक्यात बांधून ठेवलेले होते. तिने त्यांच्यावर कोमट पाणी ओतलं, परात पुढे ओढली आणि पाटावर बसली. एकेक दाणा घ्यायचा, बुडाशी अंगठ्याने दाबायचं, की सालातून वाल सुटून परातीत पडतो. तिघांचं बिरडं म्हणजे किलोभर वाल तरी असतात. रात्री जागृतीबेनलाही वाटी द्यायची होती. पहिल्या मुठीलाच अंगठ्याच्या बुडातून कळ आली. तिने हात पाण्यात जरा वेळ बुडवून ठेवला, बाहेर काढला आणि पुढचा दाणा उचलला.